निम्म्या पुलापर्यंत

आक्का, परवा तुझं दहावं झालं आणि काल जुन्या पुलापाशी पाडकामाचं मशीन येऊन उभं राहिलं. तू आणि पुलाने बोलून ठरवल्यासारखं केलंत. मशीन अजून बंदच आहे. ड्रायव्हर कठड्यावर बसून डबा खात होता. कधी सुरू करणार विचारलं, तर म्हणाला, साहेब आले की. मग मी उगाचच त्याला या पुलाचं सांगत बसलो. जेवण होईपर्यंत त्याने ऐकून घेतलं आणि डबा धुवायला नदीकडे उतरला. पुढे जे सांगायचं होतं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलोय. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. एवढा काही वेडा झालेलो नाही.

घरी माणसं येतात, चटईवर टेकतात आणि म्हणतात, सवाष्ण गेली, सोनं झालं. मला या बोलण्याचा संताप येतो. कसलं सोनं? परसात तुझी हळद वाळत पडली होती, नातवाच्या स्वेटरची एक बाही व्हायची होती. मी काहीतरी फाडकन बोलणार एवढ्यात सुमन मला डोळ्यांनी दाबते. बायको म्हणून तिने एवढं एक काम आयुष्यभर चोख केलंय. तू असतीस तर तूही तिचीच बाजू घेतली असतीस. माणसं आल्यात न्हवं दारात, मग गप बस की रं बाळ्या, असं म्हणाली असतीस. दारात आलेल्या माणसाचं तुला नेहमीच फार होतं. का होतं, तेही मला ठाऊक आहे.

हा पूल बांधला कोणी यावरून आपण दोघं लहानपणापासून भांडत आलो. मी म्हणायचो इंग्रजाने, तू म्हणायचीस आपल्या आज्ज्याच्या आज्ज्याने. दोन्ही थोडं थोडं खरं असावं. पुलाआधी नदीला पाणी चढलं की गुळाची काहील हाच आधार होता. ज्या काहिलीत उसाचा रस आटवायचा, तिच्यातच माणसं, शेरडं आणि बाजाराची गाठोडी बसवायची. ती गोल गोल फिरत पलीकडे कुठे लागेल याचा नेम नसे. मग म्हणे साहेबाला बेळगावच्या कॅम्पातून पुण्याकडे फौज न्यायला पक्का रस्ता हवा झाला. काळा दगड तवंदी घाटाच्या बाजूने आला, पाथरवटांच्या पालांनी दोन्ही काठ भरले, बैल जुंपून चुन्याची घाणी फिरली, आणि चुन्यात मिसळायला गूळ गेला तो नदीच्या दोन्ही अंगच्या दोन गावांतून. गूळ आमचा म्हणून पूल आमचा, असं आपलं गाव म्हणे. पलीकडचं गावही हेच म्हणे. मुंबई राज्य गेलं, म्हैसूर आलं, त्याचं कर्नाटक झालं, पाट्यांवरची अक्षरं बदलली, हायवेचा नंबरसुद्धा बदलला, पण पूल कोणाचा हे भांडण दोन्ही गावांनी घराण्यातल्या दागिन्यासारखं जपलं.

आणि त्या भांडणात तुझं लग्न सापडलं.

तू मुंडावळ्या बांधून घरात बसली होतीस, म्हणून तुला ते कधी पाहायला मिळालं नाही. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, नारळाची पिशवी माझ्या हातात होती. आपल्याकडे रीत अशी की नवरदेव शिवेवर आला की मुलीच्या बापाने तिथवर सामोरं जायचं, नारळ-टोपी द्यायची, पूजा करायची आणि मानाने त्याला आपल्या गावात आणायचं. प्रश्न एवढाच होता की शीव कुठे आहे. आप्पांच्या मते ती नदीच्या मधोमध, म्हणजे पुलाच्या निम्म्यावर. आप्पा फेटा बांधून, वाजंत्री घेऊन निम्म्यावर जाऊन उभे राहिले. तुझे सासरे पुलाच्या पलीकडच्या टोकाला वऱ्हाड थांबवून बसले. अख्खा पूल तुमच्याच गावाचा, तेव्हा पूल ओलांडून इथवर या आणि आम्हाला घेऊन जा, असा त्यांचा निरोप आला. एरवी पूल आमचा म्हणून छाती पिटणारं तुझं सासर, आप्पांना शे-दीडशे पावलं जास्त चालायला लागावं म्हणून त्या दिवशी पूल आपल्या नावावर करून मोकळं झालं. मानापुढे माणूस काय काय सोडतो बघ.

दोन्हीकडे वाजंत्री वाजत होती आणि मधे निरोप्या पळत होता. पूल अरुंद, समोरासमोर दोन लॉऱ्या निघायच्या नाहीत, त्यात हे. निपाणीकडून तंबाखूच्या गाड्या अडकल्या, संकेश्वरकडून उसाच्या. मद्रासचे, मुंबईचे ड्रायव्हर खाली उतरून शिव्या द्यायला लागले. शेवटी कॅम्पातल्या लष्कराच्या गाड्यांची रांग पलीकडून आली. जवान उतरले. त्यांना सीमांतपूजन कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. त्यांनी नवरदेवाची जीप पुढे घातली, मागून आपल्या गाड्या लावल्या, आणि दाजी वऱ्हाडासकट ढकलले गेले ते थेट आपल्या काठाच्या चिंचेखाली. आप्पा फेटा धरून मागे पळाले. तिथेच चिंचेखाली घाईघाईने नारळ दिला, कुंकू लावलं आणि शिवेची पूजा उरकली. हे मी तुला घरात येऊन सांगितलं तेव्हा तू मुंडावळ्या हलेपर्यंत हसली होतीस आणि काकूने तुला चिमटा काढला होता.

तुझ्या सासऱ्यांना मात्र हसू आलं नाही. लष्कराने पोचवलेला नवरा म्हणून पंचक्रोशीत बोभाटा झाला होता. पंगतीत उभे राहून ते सगळ्यांदेखत म्हणाले की पोरगी दिली पण मान दिला नाही, आता ह्या माणसाने आमच्या गावात तोंड दाखवू नये. आप्पांनी हातातलं वाढपाचं पातेलं खाली ठेवलं, समोरच्या देवळात गेले आणि बेल-भंडारा उचलून आले. सगळं गाव बघत होतं. आप्पा म्हणाले, "तुमच्या शिवंत मी पाय टाकला तर देव माझं बघून घील." त्यावर तुझे सासरे म्हणाले, मग आमची सूनही शीव ओलांडणार नाही. दोघांचाही मान राहिला. तू मात्र पानावर बसून तसंच गोड खाल्लंस.

तिथून तो सज्जा आपला झाला. पुलाच्या मधल्या खांबावर कठडा अर्धगोल बाहेर काढलेला होता, गाडी आली की चालणाऱ्याने आत सरकावं म्हणून. बाजारच्या दिवशी तू पलीकडून यायचीस, आप्पा आणि आई अलीकडून. फरशीच्या दोन दगडांमधली एक सांध आप्पांनी शीव म्हणून ठरवली होती. आप्पा तिच्या अलीकडे मांडी घालून बसायचे, काठीसुद्धा पलीकडे जाऊ द्यायचे नाहीत. लॉरी अंगावरून गेल्यासारखी गेली तरी हलायचे नाहीत. आणि तू, तू मुद्दाम पाय सांधीच्या अलीकडे सोडून बसायचीस. आप्पा म्हणायचे, सासऱ्याचा शब्द पाळ की. तू म्हणायचीस, मी तिकडंच हाय, पाय तेवढं माहेरला आल्यात. तेव्हा आप्पा तोंड फिरवून नदीकडे बघायचे. हसू लपवायला, असं मला तेव्हा वाटायचं.

तुझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या पावसाळ्यात आई गेली. साधा ताप म्हणून पडली आणि उठली नाही. तुझ्या सासऱ्यांना मी पुष्कळ नावं ठेवली, पण त्या दिवशी तेच तुला घेऊन पूल ओलांडून आपल्या दारात आले, हे मी विसरलेलो नाही. आप्पांच्या शेजारी थोडा वेळ बसले आणि गेले. तुझी बंदी तिथेच सुटली. पुढे तू पंचमीला यायचीस, दिवाळीला यायचीस. मी आप्पांना म्हणालो, त्यांनी सोडलं, आता तुम्हीही सोडा. आप्पा म्हणाले, "त्यांचं त्वांडचं बोलणं हुतं. मी भंडारा उचललाय."

म्हणून तुझं घर आप्पांनी कधी पाहिलं नाही. मातीचं होतं तेव्हाही नाही आणि तुम्ही स्लॅब टाकलात तेव्हाही नाही. तू सज्ज्यात बसून त्यांना सांगायचीस, दाराला कुठला रंग दिला, चूल कुठे घातली, खिडकीतून काय दिसतं. आप्पा परमुलखाची गोष्ट ऐकावी तसं ऐकायचे आणि मधेच विचारायचे, पावसाचं पाणी आत येतं का. तुझ्या पोराच्या लग्नात तर कमालच झाली. मंगलाष्टकांच्या वेळेला आप्पा फेटा बांधून निम्म्या पुलावर उभे. तुझ्या मांडवातला लाऊडस्पीकर तिथवर ऐकू येत होता. प्रत्येक 'सावधान'ला आप्पा मुठीतल्या अक्षता तुझ्या गावाकडे टाकत होते आणि त्या सगळ्या नदीत पडत होत्या. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. तुझ्या अंगावर शालू होता, तू हसत होतीस, म्हटलं राहू दे.

मग चौपदरी रस्ता आला. जुन्या पुलाशेजारी नवा पूल बांधायला घेतला तेव्हा आपल्या काठाचा भराव उकरताना चिंचेच्या बुडाशी एक उभा दगड निघाला. आप्पा डोळ्याच्या ऑपरेशनला बेळगावात होते, सुमन त्यांच्याजवळ, आणि मी तिथल्याच उद्यमबागच्या कारखान्यातून रजा टाकून पेरणी बघायला आलो होतो. मोजणीवाला कन्नड माणूस होता. त्याने दोन्हीकडून मोजून मला समजावून सांगितलं की फार पूर्वी नदी इथून, चिंचेपाशी वाहायची. पुढे तिने पात्र बदललं, पण गावांची हद्द जुन्या पात्रावरच राहिली. हा दगड त्या हद्दीचा. म्हणजे आत्ताची नदी आणि तिच्यावरचा अख्खा पूल पलीकडच्या गावात. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. तो कंटाळून पान खायला गेला. बाकी मजूर परमुलखाचे, त्यांना त्याचं काय? दोन-तीन दिवसांत दगड नव्या भरावाखाली गेलाही. गावात एकदोघांच्या कानावर आलं असेल, पण आप्पांसमोर शीव हा शब्द काढायची कोणाची छाती नव्हती.

मी तुला सज्ज्यात बोलावून घेतलं. तू धावत आलीस, आप्पांच्या डोळ्याचं काही बिघडलं असं वाटून. मी मोजणीवाल्याचं सगळं सांगितलं. तू हसायला लागलीस. पदर तोंडात धरून, कठड्याला टेकून हसलीस.

"म्हंजे माझी पूजा बरूबर जाग्यावर झाली म्हण की," म्हणालीस. "आप्पा म्हणत्यात तिथं न्हाय, मामंजी म्हणत्यात तिथं न्हाय. मिलिटरीनं केली ती खरी."

मीही हसलो. दोन्ही बापांनी जन्मभर धरून ठेवलेली जागा दोघांचीही चुकलेली होती आणि ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं त्यांनी नवरदेव अचूक शिवेवर आणून सोडला होता. मग हसता हसता तू खाली बघितलंस. त्या सांधीकडे. आप्पा जिथे बसतात त्या दगडाकडे.

"बाळ्या, म्हंजे आप्पा इतकी वर्सं आमच्या शिवंतच बसत्यात."

तेच तर, मी म्हणालो. शपथ मोडून जमाना झाला आणि देवाने काही केलं नाही. मी आप्पांना सांगतो. सुटतील बिचारे. उद्या तुझ्या दारात येऊन बसतील.

"काय केलं न्हाय?" तू म्हणालीस. "आई गेली न्हवं?"

"ती तापानं गेली."

"ती तुझ्या नि माझ्या लेखी. आप्पांचं काय? मी पाय टाकला म्हणून गेली, असंच म्हणतील. मरस्तंवर म्हणत बसतील. न्हाय सांगायचं."

तू मला शपथ घालणार होतीस. हात पुढे केलास आणि मागे घेतलास. नको, म्हणालीस, आपल्या घरात शपथा लई झाल्या. तसाच गप ऱ्हा.

मी राहिलो गप्प. पण पटलं नव्हतं, आक्का. पुढे जेव्हा जेव्हा तू आप्पांना घर दाखवायचं म्हणून हळहळलीस, तेव्हा तेव्हा मी तो विषय काढला. दिवाळीत फराळाला बसलो की काढला, फोनवर काढला. मी म्हणायचो, खरं ते खरं, माणसाला खरं कळायचा हक्क आहे. तू म्हणायचीस, तुझ्या खऱ्यानं कुणाचं भलं हुणार असंल तर बोल. मी म्हणायचो, तुझंच होईल की. तू म्हणायचीस, माझं ऱ्हाऊ दे. नवा पूल सुरू झाला, सगळी वाहतूक तिकडे गेली. जुना पूल गप्प झाला आणि आप्पा नि तू सज्ज्यात निवांत बसायला लागलात. मग त्या मोठ्या पुरात पाणी कठड्यावरून गेलं, खांब खचला म्हणून पुलाच्या दोन्ही तोंडांना बॅरल लावले. तुझे गुडघे गेले, आप्पांची पाठ गेली. तरी आप्पा बॅरलच्या फटीतून आत सरकून निम्म्यावर जाऊन उभे राहायचे. तू घरातून येऊ शकली नाहीस तरीही.

शेवटचं आपण फोनवर बोललो तेव्हाही हेच. पूल पाडणार अशी बातमी आली होती. तू म्हणालीस, "पूल गेला तर आप्पा कुठवर येतील रं? एकदा घिऊन ये की त्यास्नी. माझं घर बघतील." मी त्या दिवशी चिडलेलो होतो, कशावरून ते आठवतही नाही. म्हणालो, मग सांगतो त्यांना शिवेचं, आज सांगतो. तू म्हणालीस, नको, मग ऱ्हाऊ दे. आणि फोन ठेवलास. मला वाटलं होतं दोन दिवसांनी करू, राग गेला की. तुझ्याशी बोलायचं राहिलेलं मी आता कुठे नेऊन ठेवू?

पहाटे दाजींचा फोन आला. "तुमची आक्का गेली, बाळासाहेब," एवढंच आधी बोलले. झोपेतच गेलीस म्हणाले. आप्पा कट्ट्यावर तोंड धूत होते. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं. त्यांनी चूळ भरली, थुंकली, उपरण्याने तोंड पुसलं. सावकाश पुसलं, दोन्ही कानांमागेसुद्धा. मग आत बघून सुमनला म्हणाले, "साडी काढ."

लेक गेली की तिला शेवटची साडी माहेरची नेसवायची, हे काही आप्पांना कोणी सांगायला नको होतं. सुमनने दिवाळीला तुला द्यायची म्हणून वडगावच्या विणकराच्या मागावरून आणलेली निळी साडी काढली. काठ तूच फोनवर सांगितला होतास तसा, बारीक. मला वाटलं, साडी माझ्या हातात देतील आणि मागे बसून राहतील. मी शेजारच्या पोराची गाडी बोलावली. बघतो तर आप्पा फेटा बांधून, साडी काखेत धरून अंगणात उभे.

कुठे निघालात, असं मी विचारलं. काय मूर्खासारखं विचारलं. ते म्हणाले, "लेकीकडं." गाडीत बसायला मात्र तयार होईनात. तो नवा पूल माझा नव्हे, म्हणाले, मी जुन्यावरून चालत येणार. सुमनला गाडीतून पुढे पाठवलं आणि आम्ही दोघं निघालो.

आक्का, तो रस्ता मला जन्मभर पुरेल. चिंचेपाशी आलो, दगड पुरलेला आहे त्या जागेवरून आप्पा काठी टेकत पुढे गेले. मला माहीत होतं की शीव ओलांडली. त्यांना माहीत नव्हतं. बॅरलच्या फटीतून मी त्यांना हात धरून आत घेतलं. शेजारच्या पुलावरून गाड्या धडाधडा जात होत्या आणि इकडे कठड्याच्या सांधीत पिंपळाची रोपं उगवलेली. आप्पा सज्ज्यापाशी आले आणि थांबले. सांधीच्या अलीकडे, बरोबर नेहमीच्या दगडावर. साडी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

तेव्हा तू मला अडवायला नव्हतीस. माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. आप्पा, ही शीव नव्हेच, शीव मागेच गेली, तुम्ही केव्हाच आत आहात, चला. एका वाक्यात त्यांना मोकळं करता आलं असतं. तू नसताना तरी माझं खरं करून घ्यावं, असं वाटलं. मी म्हणालो, "आप्पा."

"थांब," ते म्हणाले.

त्यांनी चपला काढल्या. वळून आपल्या गावातल्या देवळाकडे तोंड केलं आणि साडीसकट हात जोडले. मला ऐकू जावं म्हणून ते बोलले नाहीत, पण मी जवळच होतो.

"देवा, माजं बोलणं मी मोडतो. काय करायचं ते मला कर. पोरांच्या वाटंला जाऊ नगंस."

आणि सांध ओलांडून पाऊल टाकलं. मी त्यांच्या चपला उचलून घेतल्या आणि मागे गेलो. मी काही बोललो नाही, आक्का. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तुझं म्हणणं पटलं, आणि तेही वेगळ्याच कारणाने. देवाच्या समोर उचललेला भंडारा आप्पांनी तुझ्यासाठी खाली ठेवला होता. त्याचं जे काय होईल ते आपल्या अंगावर घेऊन ठेवला होता. मी ते वाक्य बोललो असतो तर त्यांचं ते पाऊल फुकटचं झालं असतं. तुला द्यायला त्यांच्याकडे दुसरं काय होतं?

तुझ्या गावात माणसं बाजूला झाली. म्हातारी माणसं आप्पांकडे बघून उभी राहिली. त्यांतल्या काहींनी ती पंगत पाहिलेली असणार. दाजींनी आप्पांच्या पायावर डोकं ठेवलं, आप्पांनी त्यांना उठवलं आणि पाठीवर हात फिरवला. बायकांनी तुला निळी साडी नेसवली. ती तुला फार छान दिसत होती, हे मला तुला सांगायचं आहे. आप्पा तुझ्या उशाशी बसले आणि तुझ्या कपाळावरचे केस मागे सारत राहिले, लहानपणी वेणी घालायच्या आधी आई सारायची तसे. तुला उचलायची वेळ झाली तेव्हा कोणीतरी त्यांचा हात हळूच बाजूला घेतला.

वेशीपर्यंत मी खांदा दिला. तिथे दाजींनी मला थांबवलं आणि म्हणाले, आप्पा घरी एकटे आहेत, तुम्ही माघारी जा. मी परत आलो तर आप्पा आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसले होते. बायका घर धुवत होत्या. घरातून माणूस गेलं की साठवलेलं पाणी ओतून टाकायचं, त्या रीतीने तुझी सून एकेक भांडं परसात रिकामं करत होती. तिने मोठी घागर कमरेवर घेतली आणि आप्पांच्या समोरून निघाली.

"कवाचं पाणी गं त्ये?" आप्पांनी विचारलं.

"काल सांजचं हाय, आज्जा. आत्तींनीच भरल्यालं." तुला ती आत्ती म्हणायची.

"वतू नगंस. आन हिकडं."

ती सुमनकडे बघायला लागली. एक म्हातारी म्हणाली की सुतकाचं पाणी तोंडात घेत नाहीत. आप्पांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. दोन्ही हातांची ओंजळ करून पुढे धरली. सुमनने सुनेच्या हातून घागर घेतली आणि वाकून ओतायला लागली. अर्धं पाणी मिशांवरून सदऱ्यात गेलं, अर्धं पोटात गेलं. एका दमात प्यायले आणि मान वर केली.

"थंड हाय गं," म्हणाले. सुनेला नव्हे, सुमनलाही नव्हे. मग ओंजळ पुन्हा पुढे धरली.